सर्नमधले बारा आठवडे संपवून पुण्यात परत – आणि शेवटचे पाच दिवस

पाषाण_टेकडी

गौरीजेवणाच्या दिवशी पहाटे मुंबईला उतरले आणि दुपारी घरी पंगतीत बसले. आईने पोळीवर तूप वाढता वाढता विचारलं, "मग, झालं सगळं पूर्ण?" मी "हो" म्हटलं. ते "हो" शेवटच्या पाच दिवसांत कसं झालं ते लिहिण्यासाठी हा धागा काढतेय. जानेवारीत माझा अर्ज वाचून ज्यांनी इथे सुचवण्या केल्या त्यांना हे सांगणं मी लागतेच.

सर्नबद्दल बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जिनिव्हाजवळ स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सीमेवर पसरलेली, १९५४ साली स्थापन झालेली कणभौतिकीची प्रयोगशाळा. जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर २७ किलोमीटर घेराचा बोगदा, त्यात प्रोटॉनची टक्कर. मी गेले ते समर स्टुडंट म्हणून. हा कार्यक्रम कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त १३ आठवड्यांचा असतो. जुलैभर सकाळी मोठ्या सभागृहात व्याख्यानं, बाकी वेळ ज्या गटात नेमलंय तिथे काम. ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉनची घोषणा झाली ती याच सभागृहात. पहिल्या दिवशी तिथल्या लाकडी बाकावर बसले तेव्हा दहा मिनिटं व्याख्यानाकडे लक्षच लागलं नाही.

माझं काम हिग्जचं नव्हतं. माझं काम होतं गॅसचं.

म्यूऑन (इलेक्ट्रॉनचाच जड भाऊ म्हणावा असा कण) पकडायला आरपीसी, म्हणजे रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर, नावाचं एक साधन वापरतात. १९८१ साली सांतोनिको आणि कार्दारेल्ली या इटालियन शास्त्रज्ञांनी ते बनवलं. रचना ऐकायला सोपी आहे: बेकेलाइटच्या दोन पाट्या, मध्ये २ मिलिमीटरची फट, फटीतून सतत वाहणारा वायू आणि पाट्यांवर साडेनऊ-दहा हजार व्होल्ट. म्यूऑन आरपार गेला की वायूतून काही इलेक्ट्रॉन सुटतात, ते पुढे आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात आणि बाहेरच्या तांब्याच्या पट्ट्यांना खूण मिळते. सर्नमधल्या सीएमएस या मोठ्या प्रयोगाच्या अशा काही पेट्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि चंडीगडला जुळवलेल्या आहेत.

अडचण वायूची आहे. त्या नेहमीच्या मिश्रणात ९५.२ टक्के आर-१३४ए असतो, ४.५ टक्के आयसोब्यूटेन आणि ०.३ टक्के सल्फर हेक्झाफ्लोराइड. आर-१३४ए म्हणजे आपल्या गाडीच्या एसीत असतो तोच. तापमानवाढीच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट, आणि सल्फर हेक्झाफ्लोराइड तर २२ हजार पटींहून जास्त. वायू गोळा करून पुन्हा फिरवतात, तरी जुन्या पेट्यांच्या नळ्यांतून गळतो. युरोपात असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचा कायदा आहे, त्यामुळे तो महागतोय आणि पुढे मिळणं कठीण होणार. म्हणून पर्याय शोधणं चालू आहे: एचएफओ-१२३४झेडई नावाचा वायू आणि त्यात कार्बन डायऑक्साइड. नुसता एचएफओ घातला तर व्होल्टेज फारच चढवावं लागतं, कार्बन डायऑक्साइडने ते खाली येतं.

नव्या मिश्रणावर पेटी आज चालते, एवढ्याने भागत नाही. दहा वर्षं किरणोत्सर्ग सोसून चालेल का, हा प्रश्न. त्यासाठी फ्रान्सच्या बाजूला प्रेव्हेसांला एक जागा आहे. तिथे सीझियम-१३७ चा, बसवला तेव्हा जवळपास १४ टेराबेक्वेरेल ताकदीचा किरणोत्सर्गी स्रोत आहे, आणि त्याच्यासमोर पेट्या महिनोन्‌महिने उभ्या असतात. स्रोत उघडा असताना आत कोणी नसतं. आम्ही बाहेरच्या खोलीत स्क्रीनसमोर, गळ्यात अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा डोसिमीटर.

माझं काम असं: व्होल्टेज पायरीपायरीने चढवायचं, दर पायरीला किती म्यूऑन पकडले गेले ते मोजायचं, ग्राफ काढायचा. इंग्रजी एससारखा वक्र येतो. तो आठवड्यागणिक कुठे सरकतो हे पाहायचं.

आता चूक. हवेचा दाब उतरला की पेटीतला वायूही विरळ होतो आणि तेच व्होल्टेज जास्त असल्यासारखं वागतं. म्हणून वेगवेगळ्या दिवशीची मापं एका ठरावीक दाबावर आणि तापमानावर आणून मगच शेजारी ठेवतात. व्होल्टेजला प्रमाण दाबाने गुणायचं आणि त्या दिवशीच्या दाबाने भागायचं. माझ्या प्रोग्रॅममध्ये ते उलटं होतं, आणि दोन महिने तसंच राहिलं.

जुलैत हवा स्थिर होती, तेव्हा कळलं नाही. ऑगस्टमध्ये ज्युरा डोंगरावरून वादळं आली, दाब १४ मिलिबारने उतरला आणि माझे वक्र डावीकडे जवळजवळ २८० व्होल्ट सरकले. दुरुस्ती न करता ते १४० सरकले असते, बरोबर दुरुस्तीने एकमेकांवर बसले असते. माझ्या दुरुस्तीने अंतर दुप्पट झालं. स्रोतासमोर पेटी ठेवून तोवर बरेच दिवस झाले होते, म्हणून मी निष्कर्ष काढला की नव्या वायूने पेटी म्हातारी होतेय. रिपोर्टमध्ये तसं लिहिलंही.

शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी माझ्या गाईडने मसुदा वाचून एकच प्रश्न विचारला. म्हणाल्या, "पेटी वापरून वापरून पाटीचा रोध वाढतो. मग वक्र उजवीकडे जायला हवा. तुझा डावीकडे का गेला?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री साडेअकराला हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात, बाकीचे पास्ता करत असताना, मला ती ओळ सापडली. मी मेल लिहिला, पुसला, परत लिहिला, आणि बाराच्या आत पाठवला. मंगळवार-बुधवार सगळी मापं नव्याने चालवली. वक्र एकमेकांवर बसले. तितक्या दिवसांत तरी ती पेटी म्हातारी झाली नव्हती.

गुरुवारच्या सादरीकरणात चुकीचा ग्राफ दाखवायचा की नाही, हे गाईडनी माझ्यावर सोडलं. मी दोन्ही दाखवले. मग शुक्रवारी, निघायच्या दिवशी, एक काम उरलं होतं. मी सहा पानांची कार्यपद्धती लिहिली होती. त्या गटात नुकत्याच आलेल्या एका पोलिश मुलीला ती पानं दिली आणि म्हटलं, तू हे चालव, मी मागे बसते, बोलणार नाही. ती तीन ठिकाणी अडली. त्या तीन जागा दुरुस्त केल्या, ओळखपत्र आणि डोसिमीटर परत केला आणि १८ नंबरची ट्राम धरली.

मला तिथे पूर्ण होणं म्हणजे हे कळलं: मी खोलीत नसताना ते चालतं का. आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही झाली की संपतं. इथल्या शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींचा अनुभव वाचायचाय.

---

सदाशिवची_गल्ली

एका दमात वाचलं. जर्नलबद्दल अगदी खरं. आम्ही तर मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे "घ्यायचो". तुझ्यासारखी चूक आम्हाला सापडलीच नसती, कारण आमचे वक्र नेहमी बरोबरच यायचे.

लेकीची_आई_कर्वेनगर

माझी मुलगी टीवाय बीएस्सीला आहे. तिला चालेल का हे? आणि खर्च किती येतो? शाकाहारी आहे, तिकडे काय खाणार, ही आपली आईची काळजी.

पाषाण_टेकडी

काकू, उन्हाळ्यापर्यंत विद्यापीठातली तीन वर्षं पूर्ण होत असतील तर चालतं, म्हणजे टीवायला असताना अर्ज करता येतो. अर्जाची मुदत साधारण जानेवारीअखेर संपते, त्या वर्षीची तारीख त्यांच्या संकेतस्थळावर बघा. शिफारसपत्र लागतं, आणि आपल्या प्राध्यापकांकडून ते वेळेवर यायचं तर दिवाळीनंतर लगेच मागून ठेवावं. राहण्या-खाण्यासाठी भत्ता मिळतो, प्रवासासाठी वेगळी रक्कम मिळते. जिनिव्हा महाग आहे पण जपून राहिलं तर भत्त्यात भागतं. हॉस्टेलला सामायिक स्वयंपाकघर असतं. तिला कुकर द्या, छोटा. मूगडाळ आणि गोडा मसाला द्या. रविवारी दुकानं बंद असतात, हे पहिल्याच रविवारी कळतं, तेव्हा शनिवारीच दूध-भाजी आणून ठेवायची.

लेकीची_आई_कर्वेनगर

कुकर लिहून ठेवला. धन्यवाद गं.

चाकण_एसीवाला

मी गाड्यांच्या एसीचं काम करतो, २२ वर्षं झाली. १३४ए रोज हातात असतो. तो शास्त्रज्ञांच्या यंत्रात पण आहे हे आज समजलं आणि खूप बरं वाटलं. निर्यातीच्या गाड्यांत आता १२३४वायएफ भरतात, तुमचा १२३४झेडई म्हणजे त्याचाच भाऊ का? आणि एक मनापासून विचारतो: आमच्याकडे बरेच जण जुना गॅस गोळा न करता सरळ हवेत सोडतात. १४३० पट हा आकडा खरा धरायचा का?

पाषाण_टेकडी

दादा, भाऊच. अणू तेच, मांडणी वेगळी. वायएफ थोडा पेट घेऊ शकतो. झेडई नेहमीच्या तापमानाला पेटत नाही, आणि जमिनीखाली बंद जागेत दहा हजार व्होल्टजवळ वापरायचा तर ते महत्त्वाचं. आयसोब्यूटेन पेटतो, पण मिश्रणात तो इतका कमी ठेवतात की एकूण मिश्रण पेटत नाही.

१४३० खरा धरा. शंभर वर्षांच्या हिशेबाचा आकडा आहे तो: १ किलो १३४ए हवेत सोडणं म्हणजे १४३० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. एका गाडीत साधारण अर्धा किलो असतो ना? म्हणजे सातशे किलो. तुम्ही गोळा करत असाल तर तुम्ही जे करताय तेच आम्ही तिथे करत होतो.

झेडईही निर्दोष नाही. किरणोत्सर्गात तो जास्त सहज तुटतो आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, ते पाटीचा आतला पृष्ठभाग खातं. म्हणून तर इतकी वर्षं चाचण्या. सर्नच्याच अॅटलस प्रयोगाने २०२३ मध्ये मधला मार्ग काढला, १३४ए कमी करून मिश्रणात ३० टक्के कार्बन डायऑक्साइड घातला.

चाकण_एसीवाला

अर्धा किलो बरोबर. सातशे किलोचा आकडा गॅरेजमध्ये फळ्यावर लिहितो उद्या.

निवृत्त_हवामान

मी सिमला ऑफिसात ३१ वर्षं काढली. नवीन मंडळींसाठी: शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या इमारतीला हे नाव पडलं कारण १९२८ मध्ये खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यात आलं.

बाळ, तुझी चूक वाचून एक सांगावंसं वाटलं. जिनिव्हा ४६ अंश अक्षांशावर. तिथे दाब बदलतो तो मुख्यतः वादळं आली-गेली की. म्हणून शांत जुलैत तुझी चूक झाकली गेली. पुण्यात ती झाकली गेली नसती. आपल्याकडे दाबाला रोजची भरती-ओहोटी आहे. सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारला सर्वांत कमी, रात्री दहाला परत चढतो, पहाटे चारला उतरतो. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात तीन-चार हेक्टोपास्कलचा (म्हणजे तितक्याच मिलिबारचा) फरक पडतो, आकाश निरभ्र असलं तरी. सूर्याच्या उष्णतेने सगळ्या वातावरणात उठणारी ही लाट आहे, आणि उष्ण कटिबंधात ती इतकी नेमाने येते की आम्ही नवीन निरीक्षकाचं काम त्यावरून तपासायचो. ज्याच्या नोंदीत दुपारी चारचा खळगा दिसत नाही, त्याने वायुभारमापक पाहिलेला नाही, घरी बसून आकडे भरलेत.

पाषाण_टेकडी

काका, हे वाचून मी अर्धा तास नुसती बसून आहे. पुण्याचा दाब साडेनऊशेच्या आतबाहेर, त्यात चारचा फरक, म्हणजे दहा हजार व्होल्टवर चाळीसेक व्होल्ट. उलट्या सूत्राने ऐंशी. रोज, ठरल्या वेळी. इथे तो प्रोग्रॅम चालवला असता तर दोन दिवसांत दुपारी चारला काहीतरी बिघडतंय हे दिसलं असतं! दोन महिने लागले नसते.

निवृत्त_हवामान

अगदी. परत कधी असं काही केलंस तर आधी दाबाचा तक्ता माग. मी अजून रोज दोन वेळा नोंद करतो, गॅलरीत वायुभारमापक आहे.

हिंजवडी_ते_कोथरूड

चांगलं लिहिलंय, पण थोडा विरोधी सूर लावतो. बारा आठवड्यांत खरं संशोधन होत नाही. विमानाने जायचं, सर्नच्या आवारातल्या नटराजाच्या मूर्तीपुढे फोटो काढायचा, परत येऊन नोकरी धरायची. माझ्या ओळखीत तिघांचं असंच झालं. यापेक्षा ते पैसे इथल्या प्रयोगशाळांवर खर्च झालेले बरे नाहीत का?

पाषाण_टेकडी

नटराजापुढे फोटो मीही काढला, २००४ मध्ये भारताने दिलेली मूर्ती आहे, का काढू नये? पण मला जास्त लक्षात राहिलं ते दुसरंच. चुंबकं तपासायच्या हॉलमध्ये आम्हाला नेलं होतं. बोगद्यात १५ मीटर लांबीची, ३५ टन वजनाची १२३२ मुख्य चुंबकं आहेत. प्रत्येक चुंबक तीन जॅकवर उभं असतं आणि केसाच्या जाडीइतकं हलवून जागेवर आणता येतं. इतर चुंबकांचे धरून असे सुमारे ७००० जॅक भारतातून गेलेत. आमच्या गाईडने खाली वाकून दाखवलं. नुसतं निळं-राखाडी लोखंड आहे, त्यावर काही दिसण्यासारखं नाही. भारत २०१७ पासून तिथला सहयोगी सदस्य आहे, म्हणजे वर्गणी भरतो. त्या वर्गणीचा हक्क आपली मुलं गेली तरच वसूल होतो.

बारा आठवड्यांत शोध लागत नाही, मान्य. मी मोजलेली मापं एका मोठ्या तक्त्यातल्या काही ओळी आहेत. पण त्या ओळी चुकीच्या राहिल्या असत्या तर पुढच्या कुणीतरी त्यावर विसंबून एक चांगला वायू बाद केला असता. ते झालं नाही, एवढं मला पुरतं.

इथल्या प्रयोगशाळांबद्दल तुमच्याशी सहमत. त्यावर कुणीतरी लिहा.

आयसरची_सायकल

मी लिहितो. बाहेर जायच्या आधी पुण्यातच दारं ठोठावा. पाषाणला आयसरमध्ये सीएमएस प्रयोगात काम करणारा गट आहे. विद्यापीठाच्या आवारात आयुका (खगोलशास्त्राची संस्था) आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राची) आहेत, दोघांचेही विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रम असतात. मी स्वतः एनसीआरएत एक उन्हाळा काढला, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तबकड्यांचा डेटा साफ करत. कंटाळवाणं काम, पण नंतर हॅम्बुर्गच्या डेझी या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत गेलो तेव्हा मुलाखतीत विचारलं ते त्याच कामाबद्दल. त्यांना मार्कांत रस नव्हता. "डेटा वाईट आहे हे तुला कसं कळलं?" यावर वीस मिनिटं बोलत होतो.

धागाकर्तीला: चुकीचा ग्राफ दाखवलास हे फार आवडलं. मी माझा दाखवला नव्हता, आणि ते अजून टोचतं.

नारायणगाव_मास्तर

मी शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी २८ फेब्रुवारीला मुलांना घेऊन खोडदला विज्ञान प्रदर्शनाला जातो. ताई, तुमचं आरपीसी शाळेत करता येईल का? मुलांना विश्वकिरण दाखवायचे आहेत. पुस्तकात एक परिच्छेद आहे, तो वाचून पुढे जावं लागतं.

पाषाण_टेकडी

सर, आरपीसी नको. दहा हजार व्होल्ट आणि हा वायू शाळेत नकोच. पण विश्वकिरणांतून तयार होणारे म्यूऑन दाखवता येतात. हाताच्या तळव्यातून दर मिनिटाला शंभरएक जातात, आत्ता हे वाचतानाही. ते दिसण्यासाठी मेघपेटी करू. काचेची माशांची टाकी उलटी, वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं फेल्ट, खाली काळा रंग दिलेला धातूचा पत्रा आणि त्याखाली उणे ७८ अंशाचा सुका बर्फ. बाजूने टॉर्च. पंधरा-वीस मिनिटांत तळाशी धुक्याच्या बारीक रेषा उमटायला लागतात. सरळ लांब रेषा बहुतेक म्यूऑनच्या, वेड्यावाकड्या इलेक्ट्रॉनच्या. सर्नमध्ये शाळेच्या मुलांकडून हाच प्रयोग करून घेतात.

सुका बर्फ जाड हातमोज्यांशिवाय धरायचा नाही, आणि खिडक्या उघड्या हव्यात. अल्कोहोलजवळ ज्योत नको.

चाकण_एसीवाला

सुका बर्फ मी आणतो. औषधांची ने-आण करणारे ओळखीचे आहेत. काळा पत्राही कापून देतो, मापं सांगा.

निवृत्त_हवामान

मी दाबाचा तक्ता घेऊन येतो. मुलांनी दर तासाला रेषा मोजल्या आणि शेजारी दाब लिहिला तर? दाब वाढला की म्यूऑन किंचित कमी होतात. पेटीतल्या मोजणीत तेवढा फरक दिसणार नाही, पण नोंद करायची सवय लागेल.

नारायणगाव_मास्तर

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला शनिवार शाळेत ठेवतो. ४० मुलं आहेत. जेवण शाळेत, बाजरीची भाकरी आणि पिठलं. सगळ्यांनी या.

पाषाण_टेकडी

येतेच. टाकी ६० बाय ३० सेंटिमीटरची आहे माझ्याकडे, दादा, पत्रा त्याहून दोन सेंटिमीटर मोठा कापा.

आणि एक राहिलं. काल तिकडून मेल आला. माझ्या जागी आलेल्या मुलाने सहा पानं वाचून मापं चालवली, वक्र जुन्या वक्रांवर बसले. त्याने एकच विचारलंय: चौथ्या रकान्यातलं तापमान सेल्सिअसमध्ये की केल्विनमध्ये? मी लिहिलंच नव्हतं. पोलिश मुलीने खोलीतल्या फळ्यावर बघून भरलं होतं, म्हणून ती तिथे अडली नाही. केल्विन. त्याला कळवलं, आणि पान तीनवर आता लिहिलंय.